पोचा आलेली कळशी

१

या पृथ्वीवर अक्षय अशी एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे बिटकॉइनच्या साखळीवर कोरलेलं चित्र. राजे गेले, निजाम गेला, भोकरदन रस्त्यावरची झाडं गेली; सूर्यसुद्धा एक दिवस विझणार आहे, असं जाणकार सांगतात. पण साखळीवर एकदा कोरलेलं चित्र जगभरच्या हजारो संगणकांत एकाच वेळी नांदतं. त्याला वाळवी लागत नाही, गंज चढत नाही आणि ते कुणाच्या बापाला पुसता येत नाही.

हे सगळं सोहनलाल सकलेचा गेली दोन वर्षं रोज दुपारी चार वाजता सांगत आले होते. मंगळवारी चार वाजता ते म्हणाले, "हिवाळे, माझं चित्र चोरीला गेलं."

धम्मपाल हिवाळे छत्तीस वर्षं जालन्यात पोस्टमन होते. 'मामा, लिंबाच्या झाडासमोर, जालना' एवढ्या पत्त्यावरचं पत्र त्यांनी बरोबर पोचवलं होतं, आणि तेही झाड तोडल्यावर. निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली. बायको वारली, मुलगी परभणीला दिली. तरी ते सवयीनं रोज जुन्या बीटवर चक्कर मारत. फरक एवढाच, की आता कुणाच्या दारात थांबायला कारण नव्हतं. सदर बाजारात सकलेचांच्या बंद दुकानावरच्या माडीवर मिळणारा चार वाजताचा चहा, हे एक कारण उरलं होतं.

"चोरीला म्हणजे? फोन गेला काय?"

"फोन हाय की हा."

सोहनलालनी फोन पुढं केला. काळ्या पडद्यावर जाड्याभरड्या ठिपक्यांनी काढलेली पितळी कळशी होती. उजव्या कुशीला एक पोचा आलेला.

"हे काय, दिसून तर राह्यलंय."

"दिसतं सगळ्यांना. अमेरिकेत दिसतं, जपानात दिसतं. पण आता माझं न्हाई राह्यलं. परवापर्यंत माझ्या पाकिटात होतं, आज दुसऱ्याच्या पाकिटात हाय."

हिवाळेंनी चहाचा घोट घेतला. "म्हणजे आधी तुम्ही तुमचं चित्र बघत होते, आता दुसऱ्याचं चित्र बघून राह्यले. चित्र तेच."

"बराबर."

"आणि याला चोरी म्हणायचं."

"तुमची सायकल कुणी नेली आणि रोज तुमच्या समोरून चालवली, तर काय म्हणाल?"

हा मुद्दा हिवाळेंना लागला. त्यांची सायकल एकोणीस वर्षांपूर्वी गेली होती आणि अजून अधूनमधून गांधी चमनला दिसायची.

प्रकरण तसं साधं होतं. बिटकॉइनच्या एका नाण्याचे दहा कोटी कण होतात. त्यातल्या एका कणावर चित्र कोरायचं. तो कण ज्याच्या पाकिटात, चित्र त्याचं. ही कळशी काढली होती सोहनलालच्या बायकोनं, प्रेमबाईंनी, आणि तीही दवाखान्याच्या खाटेवर पडून. पुतण्याचा मुलगा अक्षत बंगलोरहून बघायला आला होता. त्याच्या टॅब्लेटवर त्यांनी एका बोटानं ती काढली. चाळीस वर्षं भांड्यांच्या दुकानात बसलेल्या बाईनं आयुष्यात काढलेलं ते पहिलं आणि शेवटचं चित्र. पोचा का काढला, विचारल्यावर म्हणाल्या होत्या, "वापरलेली दिसायला पायजे." पुढं अक्षतनं ती साखळीवर कोरली आणि सोहनलालना दिली. रोज संध्याकाळी ते जेवणाच्या ताटासमोर फोन उभा करत, कळशी उघडत, आणि मग पहिला घास घेत.

"पाकीट उघडायला बारा शब्द लागतात," सोहनलाल म्हणाले. "इंग्रजी. एकामागं एक, बराबर क्रमानं. एक चुकला तर उघडत न्हाई. ते मला पाठ न्हाईत. अक्षतला माहीत न्हाईत. या घराच्या बाहेर ते कधीच गेले न्हाईत."

"लिहून कुठं ठेवलेत?"

सोहनलालनी बोट उचललं. ते तिजोरीकडं गेलं नाही, कपाटाकडं गेलं नाही. ते स्वयंपाकघराच्या फळीकडं गेलं.

२

फळीवर स्टीलचे बारा डबे ओळीनं उभे होते. एकात एक बसणारा उतरता संच.

सोहनलालनी हयातभर लोकांच्या भांड्यांवर नावं घातली होती. लग्नाची ताटं, बारशाच्या वाट्या, वास्तुशांतीचे तांबे. मशीनची ती कर्रर्र करणारी सुई त्यांच्या हातात पेनापेक्षा सरळ चाले. अक्षतनं सांगितलं, शब्द कागदावर नको, कागद जळतो. फोनमध्ये नको, फोन फुटतो. तेव्हा त्यांनी व्यवहारी विचार केला आणि प्रत्येक डब्यावर एकेक शब्द मराठी अक्षरांत कोरला. मोठ्यापासून छोट्यापर्यंत हाच क्रम. कोण वाचतंय? डब्यावरचं नाव म्हणजे देणाऱ्याचं नाव, असं महाराष्ट्रात सगळेच धरून चालतात.

त्यामुळं गव्हाच्या पिठावर 'पिजन' होतं. तुरीच्या डाळीवर 'झेब्रा' होतं. 'शुगर' लिहिलेल्या डब्यात मीठ होतं, आणि हे हिवाळेंना एकदा चहा स्वतः करून घेतल्यावर कळलं होतं. सातव्या डब्यावर 'अंकल' असं होतं. तो कोणत्या काकांनी दिला, यावर नात्यात दोन मतं होती.

"सगळे डबे कायम इथंच असतात?"

"इथंच. हा अंकल तेवढा आठ दिवस समोरच्या गिरिजाबाईंकडं होता. मीच लोणचं पाठवलं होतं त्यातून."

हिवाळेंनी वहीत टिपून घेतलं. वही पोस्टाची होती. मग त्यांनी बंगलोरला अक्षतला फोन लावला आणि आवाज मोठा केला.

"दादाजी, सगळं साखळीवर दिसतंय," अक्षत म्हणाला. "सोमवारी दुपारी दोन वेळा पाकीट उघडलंय. दोन सत्तेचाळीसला पैसे गेले. रुपयांत बघाल तर बरोबर पाच हजार. मग दोन पंचावन्नला कळशी. चोरानं आधी पैसे नेले, नंतर चित्र."

"शेठनी विकत घेतलेली बाकीची चाळीस चित्रं?" हिवाळेंनी विचारलं.

"हात न्हाई लावला."

"पैशाचं जाऊ दे रे," सोहनलाल म्हणाले. "कळशीचं बघ."

हिवाळेंनी वहीतून डोकं वर काढलं. गिऱ्हाइकाला सुटे परत देताना दोनदा मोजणारा हा माणूस पाच हजाराचं जाऊ दे म्हणाला, हे त्यांनी कधी ऐकलं नव्हतं.

"कुठं गेली ते कळतं का?" त्यांनी अक्षतला विचारलं.

"पत्ता कळतो, काका. नाव न्हाई कळत. नुसती अक्षरं आणि आकडे. शेवटची चार अक्षरं झेड, आठ, के, क्यू. पैसे आणि कळशी, दोन्ही त्याच एका पत्त्यावर गेलेत."

सोहनलालनी कप खाली ठेवला.

"त्याच पत्त्यावर? कळशीसुद्धा?"

"हो दादाजी. एकच पत्ता."

सोहनलालनी फोन बंद केला. उठून फळीवरचा अंकल सरळ केला. मग म्हणाले, "हिवाळे, राहू द्या. तपास नको."

"का?"

"नको म्हणतो ना. गेली तर गेली. चहा घ्या."

ज्याची चोरी झाली, त्यालाच चोर सापडायला नको होता.

३

बुधवारी सकाळी दहाला हिवाळे गेले, तेव्हा शीतल भांडी घासत होती. शीतल म्हणजे सोहनलालकडं स्वयंपाक आणि धुणंभांडी करणारी. तिनं न विचारता सांगितलं, "काका, बाबूजी रात्री जेवले न्हाईत. ताट झाकून ठेवलं तसंच हाय. फोन पण उघडला न्हाई त्यांनी. नुसते बसून राह्यलेत."

सोहनलाल आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडले होते. हिवाळेंनी ठरवलं, की तपास नको असला तरी तो होणार. दुसरं काही कामही नव्हतं.

"शीतल, या डब्यांवर काय लिहिलंय, वाचलंस कधी?"

"वाचलं की. ते लेमन लिहिलंय ना, त्यात लिंबू सत्व असंल म्हणून हात घातला. आत हिंग. त्या दिवसापासून मी वाचणं सोडलं."

"सोमवारी दुपारी कुठं होतीस?"

"नळाला! पाणी आलं होतं ना दोन वाजता, आठ दिवसांनी. सगळी गल्ली नळावर होती. तुम्हाला सांगते काका, बाबूजींची टाकी भरून वाहून राह्यली होती. पाणी पार गल्लीत. मी खालून पाच हाका मारल्या. कॉक बंद करायला कुणी न्हाई आलं. शेवटी मीच वर गेले, तर बाबूजी खोलीचं दार लावून आत."

"झोपले असतील."

"बाबूजी? पाणी आल्यावर?" शीतलनं घासणी खाली ठेवली. "काका, तुम्ही जालन्यातलेच ना?"

हिवाळेंनी खाली मान घालून टिपून घेतलं.

दुसरा संशयित जिनेंद्र. हा सोहनलालचा पुतण्या, अक्षतचा बाप. स्टीलच्या पाइपांचा व्यापारी. काकांचा बंद गाळा गोदामासाठी मिळावा, ही त्याची जुनी इच्छा, आणि ती त्यानं कधी लपवली नव्हती.

"सोमवारी मी अंबडला कोर्टात," तो हिवाळेंच्या खोलीवर येऊन म्हणाला. "तारीख होती. दिवसभर बाकावर बसून पुढची तारीख घेऊन आलो. वकील साक्षीला हाय, शिरस्तेदार साक्षीला हाय, आणि ते बाक बी साक्षीला हाय. आणि हिवाळेकाका, मला चोरायचं असतं, तर कळशी चोरली असती का? कळशीला बाजारात कोण विचारतो? ती बाकीची चाळीस बघा. चिमटा म्हणून कुणी चित्रकार हाय. नाव न्हाई, गाव न्हाई. त्याची चाळीसच्या चाळीस काकाजींनी घेतली. एक तर मागच्याच आठवड्यात घेतलं. पाळण्याचं. मी म्हणतो, गुंतवणूक अशी करतात का? एकाच माणसाची?"

"तुम्ही विचारलं नाही?"

"विचारलं. म्हणाले, तुला कला कळत न्हाई. काकाजींना कला! चाळीस वर्षं पातेली विकली." जिनेंद्रचा आवाज खाली आला. "खरं सांगू का, एकटं पडलंय माणूस. मुलगा-सून सुरतला, ते दिवाळीला येणार. मुस्कान असती तर गोष्ट वेगळी होती."

मुस्कान म्हणजे सोहनलालची नात. शिक्षणासाठी दहावीपर्यंत आजी-आजोबांकडंच राहिलेली, दुकानातल्या बाकावर अभ्यास केलेली. दोन वर्षांपूर्वी तिनं केदारखेड्याच्या कल्याण नावाच्या मुलाशी लग्न केलं आणि दोघं नागपूरला राहायला गेली. कल्याण सौर पॅनल बसवायचं काम करतो, निर्व्यसनी आहे आणि स्वभावानं चांगला आहे. पण तो बौद्ध, आणि सकलेचा जैन. सोहनलाल लग्नाला गेले नाहीत. त्या दिवसापासून या घरात तिचं नाव निघालं नव्हतं.

"तिचं नाव काढायची सोय न्हाई त्यांच्यासमोर," जिनेंद्र म्हणाला आणि मग एकदम ओशाळून हिवाळेंच्या भिंतीवरल्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघू लागला.

"चालायचंच," हिवाळे म्हणाले. सोहनलालनी त्यांच्याबरोबर रोज चहा घेतला होता, एका ताटात फराळ केला होता, त्यांच्या बायकोला खांदा दिला होता. आणि या लग्नाबद्दल त्यांच्याशी एक अक्षर बोलले नव्हते. हिवाळेंनीही विचारलं नव्हतं. दोन वर्षं दोघं मिळून या विषयाला वळसा घालून चहा पीत होते.

वहीत आता दोन नावं खोडलेली होती. तिसरं नाव सगळ्यात अवघड होतं. ते नाव पंचाहत्तर वर्षांचं होतं आणि त्याला कमी ऐकू यायचं.

४

गिरिजाबाई ओट्यावर लसूण सोलत बसल्या होत्या.

"डबा?" त्या ओरडल्या. "डब्याचं नावच काढू नका माझ्यासमोर!"

हिवाळे ओट्याच्या कडेला बसले. गुन्हेगार इतक्या लवकर कबुली देत नाही, हे त्यांना माहीत होतं.

"पन्नास वर्षं झाली, भाऊ. पन्नास वर्षं त्या घरातनं या घरात आणि या घरातनं त्या घरात भांडी चालू हायत. प्रेमबाईचा डबा मी कधी रिकामा परत केला न्हाई. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घातली, पण रिकामा न्हाई. आणि परवा!"

"परवा काय झालं?"

"शेवया करून ठेवल्या होत्या मी. वाळल्या की घालून देणार होते. सोमवारी दुपारी, नळ आला होता बघा, मी कळशीनं पाणी भरून राह्यले, आणि सोहनभाऊ आले. धापा टाकत. म्हणले, वहिनी, डबा द्या. म्हणलं, द्यून राह्यले, पण शेवया घालून देते. म्हणले, नको, डबाच द्या. जल्दी. आणि रिकामा डबा घेऊन गेले हो! रिकामा! असा छातीशी धरून." त्यांनी सोललेला लसूण पदरानं पुसला, मग डोळे पुसले आणि मग लसणानं डोळे जळायला लागले म्हणून परत पुसले. "माझं काय चुकलं, तेवढं विचारा त्यांना."

"किती वाजले असतील?"

"नळ दोनला आला. माझे चार हंडे झाले होते. म्हणजे अडीच."

हिवाळे उठले. सोमवारी दुपारी अडीचला तो सातवा डबा हवा असणारा माणूस शहरात एकच होता, आणि हिवाळे त्याच्याच घरी रोज चहा पीत होते.

प्रश्न आता चोराचा राहिला नव्हता. प्रश्न असा होता, की आपलीच वस्तू आपणच नेऊन माणूस त्यासाठी उपाशी का राहतो?

५

संध्याकाळी हिवाळे आपल्या खोलीत एकटे बसले आणि त्यांनी फोनवर सोहनलालचा संग्रह उघडला. साखळीवरची चित्रं कुणीही बघू शकतो, हे गेल्या दोन वर्षांत त्यांनी सातशेवेळा ऐकलं होतं. बघितलं मात्र पहिल्यांदाच.

चिमटाची चाळीस चित्रं होती. सगळी लहान, जाड ठिपक्यांची. एक तराजू, त्याच्या एका पारड्याला सुतळी बांधलेली. अर्धवट उघडलेलं शटर. नाव घालायचं मशीन, शेजारी स्टीलचा भुसा. वरण उतू गेलेला कुकर. एक लाकडी बाक. त्याच्या एका पायाखाली वीट.

हिवाळेंनी ते चित्र मोठं केलं. त्या विटेवर ते स्वतः वर्षानुवर्षं पाय टेकवून सही घेत आले होते. चित्रात विटेशेजारी खाकी पिशवी टेकवलेली होती आणि पिशवीतून पत्रं डोकावत होती.

बराच वेळ ते त्या पिशवीकडं बघत राहिले. ही आपली पिशवी कुणाच्या तरी ध्यानात राहिली होती, याचं त्यांना नवल वाटलं. बाकावर बसून अभ्यास करणारी, "काका, माझं पत्र हाय का?" असं रोज विचारणारी आणि जिला कधीच पत्र येत नसे, अशी एकच मुलगी होती. तिच्यासाठी हिवाळेंनी एकदा स्वतःच एक पोस्टकार्ड लिहून टाकलं होतं.

चिमटाच्या पानावर तळाशी लिहिलं होतं: चित्र आवडलं तर काही पाठवा. खाली पत्ता. शेवटची चार अक्षरं झेड, आठ, के, क्यू.

चाळिसावं चित्र पाळण्याचं होतं. पाळणा रिकामा नव्हता, आणि चित्राचं नाव होतं 'लेक'.

हिवाळेंनी अक्षतला फोन लावला आणि फक्त एकच गोष्ट विचारली. "कुणी दुसऱ्याच कुठल्या साध्या ॲपमध्ये ते बारा शब्द घातले, तर ते पाकीट उघडतं का?"

"उघडतं की. पण काका, तसं करू नये. साध्या ॲपला चित्र ओळखता येत न्हाई. त्याला सगळे कण सारखेच. त्याला फक्त वजन कळतं."

६

गुरुवारी चार वाजता हिवाळे माडीवर आले. येताना त्यांनी गिरिजाबाईंकडून शेवया आणल्या होत्या आणि त्या सोहनलालच्या पुढ्यात ठेवल्या.

"शेठ, चोर सापडला."

सोहनलाल शेवयांच्या पुडीची गाठ चाचपत राहिले.

"पोस्टात माणूस कमी होता तेव्हा मनिऑर्डरच्या खिडकीवर मी दोन वर्षं बसलो. लग्नसराईत एक माणूस दर दिवशी ठरलेला. पाचशेचा फॉर्म भरून, पैसे देऊन, पावती घेऊन जायचा. दाराशी पोचला की कपाळावर हात मारायचा आणि पळत परत यायचा. साहेब, वरचा रुपया राहिला! पाचशे एक पायजेत! गोल रकमेचा शगुन कसा द्यायचा? मंग एक रुपयाची वेगळी मनिऑर्डर. रुपयापेक्षा खर्चा जास्त. पण देणारच." हिवाळेंनी वही उघडली. "चोर असता, तर आधी थोडं काढून बघितलं असतं आणि मंग मोठा हात मारला असता. इथं आधी बराबर पाच हजार. आणि आठ मिनिटांनी किरकोळ. चोर असा न्हाई वागत, शेठ. आजोबा वागतो."

सोहनलाल खिडकीबाहेर बघत होते.

"तुम्ही दुसरं ॲप घेतलं, कारण नेहमीचं अक्षतला दिसतं. शब्द घालायला डबे लागले. अंकल गिरिजाबाईंकडं होता, तो रिकामाच आणला. खाली टाकी वाहून राह्यली, तुम्हाला ऐकू न्हाई आली. पाच हजार गेले. मंग वरचा रुपया आठवला."

"रुपया जात न्हाई त्याच्यातनं," सोहनलाल एकदम म्हणाले. "ते म्हणतं, एवढं थोडं पाठवता येत न्हाई. कमीत कमी पन्नास-साठ. म्हणलं, तर तेवढं. पण वरचं गेलं पायजे. पोरीचं बारसं हाय आणि गोल आकडा?"

"आणि त्या ॲपनं तेवढ्यासाठी कणांची सगळ्यात छोटी पुडी उचलली, ती नेमकी कळशीची."

"मोड," सोहनलाल म्हणाले. "हिवाळे, मोडीत घातली मी ती. चाळीस वर्षं मी लोकांची जुनी भांडी मोडीत घेतली. कुणाच्या आईचं नाव असायचं, कुणाच्या लग्नाची तारीख. बाया म्हणायच्या, शेठ, नाव हाय हो त्याच्यावर. मी म्हणायचो, बाई, तराजूला नाव कळत न्हाई." त्यांनी दोन्ही हातांनी चेहरा पुसला. "अक्षतनं पत्ता सांगितला तेव्हा कळलं मला. पण सांगू कुणाला? आणि शगुन परत कसा मागू? ज्या लग्नाला गेलो न्हाई, त्या लग्नातल्या पोरीला म्हणू, की रुपया चुकून गेला, परत दे?"

"मला सांगायचं होतं."

"तुम्हाला?" सोहनलालनी पहिल्यांदा त्यांच्याकडं बघितलं. "तुम्हालाच कोणत्या तोंडानं सांगणार होतो, धम्मपालजी?"

खाली रस्त्यावरून मोसंबीवाला ओरडत गेला. हिवाळेंनी वही मिटली.

"कल्याण माझ्या चुलतबहिणीचा मुलगा," हिवाळे म्हणाले. "मी गेल्तो लग्नाला. तुम्ही विचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई. जिलेबी चांगली होती."

सोहनलालनी मान हलवली. मग थोड्या वेळानं विचारलं, "पोरगी कशी दिसत होती?"

"रडली थोडी. दाराकडं बघत होती."

हिवाळेंनी मुस्कानचा नागपूरचा नंबर लावला, आवाज मोठा केला आणि फोन 'शुगर'च्या डब्याला टेकवून उभा केला. सोहनलाल उठून जायला निघाले. पण पलीकडून आधी बाळाचं रडणं ऐकू आलं आणि ते होते तिथंच उभे राहिले.

"हॅलो? धम्मपालकाका?"

सोहनलालनी हातातल्या कपात उगाच चमचा फिरवला. बाळ तेवढं बोलत होतं.

"दादाजी, तुम्ही हाय ना तिथं? चमचा वाजून राह्यला तुमच्या कपात. मला कळतो तो."

"हां," सोहनलाल म्हणाले.

"माझी चाळीस चित्रं एकच माणूस घेऊन राह्यला, दादाजी. मला वाटायचं, कुणीतरी म्हातारा अमेरिकन असंल. एकटा. मोठं घर, कुत्रा. मी कल्याणला म्हणायची, बिचारा. आणि सोमवारी पैसे आले, आणि मागनं दादीची कळशी आली." पलीकडं तिनं नाक ओढलं. "कोणता अमेरिकन दादीची कळशी पाठवंल?"

"बेटा, ती..." सोहनलालनी हिवाळेंकडं बघितलं. हिवाळे शेवयांकडं बघत होते. "ती वरची हाय. शगुनाची. ती परत घेत नसतात."

"मी देणार बी न्हाई. चार दिवस फोनची वाट बघून राह्यले. म्हणलं, कळशी पाठवली, आता फोन येईल, आता येईल."

"मी येतो," सोहनलाल म्हणाले. "पोरीला बघायला. ये म्हणशील तर."

"ये म्हणायचं असतं का दादाजी."

बाळ थांबलं होतं. सोहनलाल भिंतीला टेकून खाली बसले. फोनवर कळशी नव्हती, ताट समोर नव्हतं, तरी त्यांनी शेवयांच्या पुडीतून कच्चीच एक शेवई मोडून तोंडात टाकली. दोन दिवसांतला तो पहिला घास होता.

"दादाजी," मुस्कान म्हणाली, "एक मागू?"

सोहनलाल ताठ बसले. दोन वर्षं त्यांनी याच एका वाक्याची वाट बघितली होती. गाळा, माडी, चाळीस चित्रं, सगळं त्यांनी मनातल्या मनात केव्हाच तिच्या नावावर कोरून ठेवलं होतं. "माग बेटा. काय पायजे ते माग. बिलकुल लाजू नको."

"दादीचा तो पाच लिटरचा कुकर मी आणला होता ना? त्याची रिंग गेली. वाफ धरत न्हाई. इकडं त्या जुन्या मापाची मिळत न्हाई हो. येताना एक घेऊन या."